शिळं पाणी, ताजं आधण

नाशिकची थंडी आधी बोटांना कळते. निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरल्याची बातमी पेपरात येते, तेव्हा गंगापूर रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत घरोघरी ओट्यापाशी कुणीतरी बोटं आखडून तांदूळ धूत असतं. सिंकवर हल्ली एका दांडीचा मिक्सर असतो. दांडी उजवीकडे नेली की गार, डावीकडे नेली की गरम. अशा सकाळी हात आपोआप डावीकडे जातो, आणि एकदा गेला की तांदूळ धुण्यावर थांबत नाही. तेच पाणी भाताच्या पातेल्यात, डाळीच्या भांड्यात, चहाच्या आधणात. नाहीतरी उकळायचंच आहे, मग आधीच तापलेलं घेतलं तर बिघडलं कुठे?

प्रश्न रास्त आहे. ‘असं करू नये’ एवढ्यावर तो मिटत नाही, कारण गॅस वाचतो हे कारण वरकरणी तरी खरं वाटतं. तेव्हा आधी हिशेब.

एक लिटर पाणी 20 अंशांवरून उकळीला आणायला साधारण 326 किलोज्यूल उष्णता लागते. (नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, म्हणून इथे पाणी 98 अंशांवरच उकळतं.) शेगडीच्या ज्योतीतली दोन-तृतीयांश उष्णता पातेल्यात जाते असं धरलं, तर त्यासाठी 11 ग्रॅम गॅस जळतो. तेच पाणी गिझरमधून 50 अंशांवर मिळालं तर पावणेसात ग्रॅम पुरतो. म्हणजे लिटरमागे चार ग्रॅमची बचत. सिलिंडर नऊशेच्या घरात धरला तर चार ग्रॅमचे होतात पंचवीस पैसे. पण 20 चे 50 अंश करायला गिझरने वीज खाल्लीच. ती 0.035 युनिट, दहा रुपये युनिटने पस्तीस पैसे. पंचवीस वाचवायला पस्तीस गेले.

यात नळी अजून धरलेली नाही. गिझर न्हाणीघरात, सिंक स्वयंपाकघरात, मध्ये भिंतीतून फिरलेली दहा मीटर नळी. अर्ध्या इंची सीपीव्हीसीच्या (गरम पाण्याला चालणाऱ्या प्लास्टिकच्या) दहा मीटर नळीमध्ये सव्वा ते दीड लिटर पाणी मावतं. गरम पाणी हाताला लागेपर्यंत तेवढं गार पाणी सिंकमध्ये जातं, आणि नळ बंद केल्यावर तेवढंच गरम पाणी भिंतीत निवत पडतं. लिटरभर चहासाठी एवढा उपद्व्याप.

सोलरवाल्यांना हे गणित लागू नाही, त्यांची उष्णता फुकट आहे. त्यांची नळी मात्र गच्चीवरून खाली येते. तीन मजले उतरून येणाऱ्या वीस मीटर नळीत अडीच लिटर पाणी अडकलेलं असतं. आणि बाकीची जी कारणं पुढे येणार आहेत, ती सोलरच्या टाकीला गिझरपेक्षा जास्तच लागू पडतात.

पाण्याला आपल्या भाषेत शिळं म्हणतात ही फार कामाची गोष्ट आहे. अन्न शिळं होतं हे सगळ्यांनाच ठाऊक, पण रात्रभर हंड्यात राहिलेलं पाणीही शिळं. सकाळी ते तुळशीला किंवा अंगणात ओतायचं, हंडा-कळशी घासायची आणि ताजं भरायचं. दुसरा भेद पिण्याच्या आणि वापराच्या पाण्याचा. स्वयंपाकाचं पाणी पिण्याच्या खात्यात. अंघोळीचं, भांड्यांचं, सड्याचं वापराच्या खात्यात. दोघांची भांडी वेगळी, जागा वेगळ्या. न्हाणीतल्या बंबाचं पाणी कितीही कढत असलं तरी ते अंघोळीचं. भातासाठी आधण चुलीवर वेगळं चढायचं.

यामागे नुसतं सोवळं नव्हतं. बंब म्हणजे तांब्याचा उभा पिंप, मधोमध निखाऱ्यांची नळी, खाली जाळी, अंगाला पितळी तोटी. ज्या भांड्यात शिजवायचं त्याला आतून कल्हई लागे, बंबाला ती नसे. सांध्यांना डाख (धातू वितळवून केलेला जोड) दिलेला असे आणि डाखात कथलाबरोबर शिसं असायचं. बंब पाण्याने पुरता भरल्याशिवाय पेटवायचा नाही हा दंडक डाखासाठीच, कारण कोरडा तापला की सांधा सुटतो. नाशकात तांबट आळी आणि भांडी बाजार असल्यामुळे डाख, कल्हई, ठोक्याचं तांबं हे शब्द इथल्या घरांत वापरातले होते. कोणत्या भांड्यातलं पाणी पोटात घ्यायचं आणि कोणतं अंगावर, हे भांड्याकडे पाहूनच ठरे.

गिझरने बंबाची जागा घेतली तेव्हाही पाणी न्हाणीतच होतं. मग सिंकपर्यंत गरम पाण्याची नळी आली आणि दोन खाती एकाच तोटीतून वाहू लागली. गिझर म्हणजे झाकलेला बंब. आत काय चाललंय हे दिसत नाही, इतकाच फरक.

आत काय चाललंय ते असं. बहुतेक साठवणीच्या गिझरची टाकी पोलादाची, आतून काचेसारख्या मुलाम्याची. मुलाम्याला कुठेतरी बारीक छिद्र राहतंच, म्हणून टाकीत मॅग्नेशियमचा एक दांडा सोडलेला असतो. गंजायचं ते याने, टाकीने नाही, अशी ती योजना. म्हणजे हा दांडा विरघळण्यासाठीच आहे आणि जे विरघळतं ते पाण्यात जातं. मॅग्नेशियम पोटात गेल्याने काही होत नाही. पण दोन-तीन वर्षांत दांडा संपतो, कुणी पाहत नाही, आणि मग टाकीचं पोलाद गंजू लागतं. गरम नळाला पहिल्या धारेत तांबूस पाणी आलं की हेच झालंय असं समजावं. फक्त गरम नळालाच कुजक्या अंड्याचा वास येत असेल तर कारण वेगळं. पाण्यातले काही जिवाणू सल्फेटपासून तो वायू तयार करतात, आणि कोमट टाकी व मॅग्नेशियमचा दांडा त्यांना पथ्यावर पडतो.

तळाशी साचतो तो पांढरा चुरा क्षारांचा. पाण्यात विरघळलेलं कॅल्शियमचं बायकार्बोनेट तापलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं. केटलीच्या तळाला जी खपली धरते तीच ही. म्हणजे गिझरमधून निघालेलं पाणी किंचित कमी जड झालेलं असतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण त्यातले क्षार टाकीतच राहतात आणि धार जोरात सोडली की कणाकणाने नळाला येतात. नळाच्या तोंडाची जाळी उघडून पाहावी. पांढरे कण, तांबूस कण, कधी नळीतल्या रबराच्या काळ्या चिंध्या. ही जाळी महिन्यातून एकदा हाताने फिरवून काढावी, रात्रभर व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूफुलाच्या पाण्यात टाकावी आणि जुन्या दातांच्या ब्रशने घासावी. प्लंबर काम करून गेला की त्याच दिवशी.

क्लोरिनचंही तसंच. नळाच्या टोकाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मोकळं क्लोरिन उरावं असा भारतीय मानक आयएस 10500 चा दंडक आहे, म्हणजे वाटेत काही शिरलं तरी ते पाणी राखतं. तापलेल्या टाकीत हे राखण टिकत नाही. गिझर 60 अंशांवर असेल तर उष्णताच जंतूंचा बंदोबस्त करते. वीजबिलासाठी त्याला 40 वर ठेवला, किंवा सोलरची टाकी पावसाळ्यात चार दिवस नुसती कोमट राहिली, तर क्लोरिन गेलेलं आणि ऊब जंतूंना मानवेल अशी. हे पाणी खळखळून उकळलं तर जंतू मरतात, तेव्हा भाताला त्याची भीती नाही. भीती आहे ती कोमट पाण्याच्या सरबताला, कोशिंबिरीची भाजी धुण्याला आणि औषधाच्या घोटाला.

उकळून जे जात नाही ते धातू. पितळ लेथवर सुबक कातलं जावं म्हणून त्यात थोडं शिसं मिसळायची पद्धत आहे. नळाची तोटी, अँगल कॉक (नळाखालचा छोटा कॉक), व्हॉल्व्ह, नळीची टोकं ही बहुतेक पितळीच. वरचा क्रोमचा मुलामा बाहेरून दिसायला असतो, आतून पाणी पितळेलाच लागून जातं. दुसरं ठिकाण पीव्हीसीच्या नळ्या. त्या उष्णतेने विघटित होऊ नयेत म्हणून वर्षानुवर्षं शिशाची संयुगं घातली जात. केंद्र सरकारने ती थांबवण्याचे नियम 2021 मध्ये आणले, पण त्याआधी भिंतीत गेलेल्या नळ्या भिंतीतच आहेत. गार पाण्यापेक्षा गरम पाणी हे धातू जास्त वेगाने सोडवून घेतं, आणि जितका वेळ थांबेल तितकं जास्त. गिझरच्या वाटेवरचं पाणी तापलेलंही असतं आणि थांबलेलंही.

आयएस 10500 ने शिशाची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम ठेवली आहे. इतकं बारीक प्रमाण ना दिसतं ना चवीला कळतं. उकळल्याने ते घटत तर नाहीच, उलट दोन लिटर पाणी आटवून एक लिटर रस्सा केला तर दुप्पट दाट होतं. गिझरच्या पाण्याच्या एका चहाने कुणाला काही होत नाही. उगाच घाबरवण्यात अर्थ नाही. पण शिसं शरीरात साठतं, आणि लहान मुलांचं शरीर ते मोठ्यांपेक्षा जास्त शोषून घेतं. म्हणून अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था पिण्याला, स्वयंपाकाला आणि विशेषतः बाळाच्या दुधाला फक्त गार नळाचंच पाणी घ्या असं सांगते. तिथल्या जुन्या घरांना शिशाच्या नळ्या आहेत, ती त्यांची अडचण. आपल्याकडे पितळ आणि पीव्हीसी आहेत. सल्ला तोच लागू.

बाळाच्या पावडरच्या दुधाचं तर अगदी काटेकोर पाळावं. गार नळाचं ताजं पाणी उकळायचं आणि ते 70 अंशांच्या खाली जायच्या आत पावडर त्यात मिसळायची, कारण पावडर स्वतः निर्जंतुक नसते. मग बाटली गार पाण्यात धरून निववायची. मध्यरात्री गिझरचं कोमट पाणी घेऊन बाटली हलवण्यात वेळ वाचतो खरा, पण त्यात वरच्या दोन्ही चुका एकदम होतात. त्यापेक्षा निजताना उकळतं पाणी चांगल्या थर्मासमध्ये भरून ठेवावं, आणि मध्यरात्री तेही 70 च्या खाली आलेलं नाही ना, एवढं आधी एकदा थर्मामीटरने तपासून घ्यावं.

नाशकात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. इथे गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि गंगापूर धरणाचं, मुकणे-दारणेचं शुद्ध केलेलं पाणी नळाला येतं. पण ते इमारतीत शिरल्यावर कुठे जातं हे पाहावं. पुष्कळ सोसायट्यांत मनपाचं पाणी खालच्या टाकीत पडतं, तिथेच बोअरचं आणि उन्हाळ्यात टँकरचंही मिसळतं, आणि मग ते गच्चीवर चढतं. काही ठिकाणी ओट्यावर एक थेट नळ वेगळा असतो. पाणी येतं त्या वेळेतच तो चालतो आणि त्याला गच्चीच्या टाकीचा संबंध नसतो. गिझर मात्र जवळजवळ नेहमी गच्चीच्या टाकीवरच असतो. म्हणजे सिंकची दांडी डावीकडे नेली की तापमानाबरोबर पाण्याचं मूळही बदलतं.

फरक डाळीत कळतो. इथल्या काळ्या पाषाणातून येणारं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम डाळीच्या पेशी जोडणाऱ्या पेक्टिनला घट्ट धरून बसतं, आणि तूरडाळ चार शिट्ट्यांनंतरही दाणा दाणा वेगळी राहते. दोष डाळीला दिला जातो, वाण्याकडे परतही नेली जाते. आधी पाणी बदलून पाहावं. तेच पाणी वापरणं भाग असेल तर हरभरे, राजमा, वाल यांसारखी कडधान्यं लिटरला चमचाभर मीठ घातलेल्या गार पाण्यात रात्रभर भिजवावीत आणि ते पाणी ओतून द्यावं. मिठातलं सोडियम कॅल्शियमची जागा घेतं आणि साल मऊ पडते. चिंच, आमसूल, टोमॅटो डाळ पूर्ण शिजल्यावरच, कारण आंबटपणाही पेक्टिन सुटू देत नाही. खाण्याचा सोडा चिमूटभर घातला तर काम करतो, चमचाभर घातला तर साबणाची चव देतो.

कडधान्य गिझरच्या पाण्यात भिजवलं की लवकर फुगतं, म्हणून ती सवय पडते. पण 50 ते 60 अंशांच्या पाण्यात पेशींतलं एक एन्झाइम जागं होतं आणि पेक्टिन कॅल्शियमला आणखी घट्ट धरू लागतं. दाणा फुगलेला दिसतो आणि शिजायला अडून बसतो. घाईच असेल तर कडधान्य पातेल्यात दोन मिनिटं खळखळ उकळावं, झाकून तासभर ठेवावं, पाणी ओतावं आणि मग कुकरला लावावं. कोमट-गरम या मधल्या टप्प्यात त्याला रेंगाळू देऊ नये.

आणि गिझरचं पाणी नेमकं त्या मधल्या टप्प्यातलंच असतं. आपल्या स्वयंपाकात गार पाण्याचं काम आहे, उकळत्या पाण्याचंही आहे. त्या मधल्याचं काम फार थोडं.

मोदकाची उकड घ्या. एक वाटी पिठीला एक वाटी पाणी, चमचाभर तूप, चिमूटभर मीठ. पाणी खदखदत असताना पिठी वैरायची, उलथन्याच्या दांड्याने ढवळायची, झाकण ठेवून मंद आचेवर दोन मिनिटं, मग उतरवून पाच-सात मिनिटं वाफेत. तांदळाचं पीठ चिकट होतं ते 70 अंशांच्या आसपास पोचल्यावर. पिठी पडताना पाणी निवलेलं असेल तर तो टप्पा गाठला जात नाही, उकड भुरभुरीत होते आणि पाकळीला तडे जातात. बाजरीची भाकरीही तशीच. बाजरीत गव्हासारखं चिकट प्रथिन नाही, पिठाला धरून ठेवतो तो अर्धवट शिजलेला स्टार्च. ताज्या दळणाचं पीठ कोमट पाण्यानेही निभावतं, पण दोन आठवडे डब्यात राहून विरी गेलेल्या पिठाला उकळतंच पाणी लागतं. दोन वाट्या पिठाला वाटीभर, लागलं तर सव्वा, आधी चमच्याने कालवायचं आणि मग हाताला सोसेल तसं मळायचं. गिझरचं 60 अंशांचं पाणी पिठात पडेपर्यंत पन्नासवर आलेलं असतं. हाताला ते कढत वाटतं, पिठाला नाही.

रश्श्यात गार पाणी घालू नये हा नियम मिसळ करणाऱ्याला कुणी शिकवावा लागत नाही, पण त्यामागचा आकडा पाहण्यासारखा आहे. उकळत्या लिटरभर रश्श्यात 20 अंशांचं अर्धा लिटर पाणी ओतलं की सगळं एकदम 72 वर येतं. भाजीपाल्यातलं आणि कडधान्यातलं पेक्टिन 85 च्या खाली जवळजवळ सुटतच नाही. म्हणजे पुन्हा उकळी येईपर्यंत मटकी आहे तिथेच थांबते, आणि मोठ्या पातेल्यात ही दहा-बारा मिनिटं असतात. 50 अंशांचं पाणी घातलं तर ते 82 वर येतं. बरं, पण अजूनही उंबरठ्याच्या अलीकडेच. त्यापेक्षा मागच्या बर्नरवर झाकलेलं आधण ठेवावं आणि त्यातून ओगराळ्याने घालत जावं. केटली असेल तर तीच. दीड हजार वॉटची केटली लिटरभर पाणी चार मिनिटांत उकळते आणि वीज साधारण 0.1 युनिट घेते.

भातासाठी इगतपुरीकडचा इंद्रायणी असेल तर गार पाण्याने दोनदा हलक्या हाताने धुवावा, वीस मिनिटं निथळत ठेवावा आणि दुप्पट ते सव्वादोनपट पाण्याच्या खळखळत्या आधणात वैरावा. गरम पाण्याने धुतला की दाणा बाहेरून पटकन पाणी पितो, आत कोरडा राहतो, त्याला चिरा पडतात आणि चोळताना कण्या होतात. बटाटे उलट. गार पाण्यात टाकून चढवले की आत-बाहेर सारखे शिजतात. आधणात टाकले की साल फाटते आणि गाभा कच्चा राहतो.

चहाबद्दल एक समज आहे की गरम नळाच्या पाण्यात ऑक्सिजन कमी म्हणून चहा सपक होतो. तापलेल्या पाण्यात विरघळलेला वायू कमी असतो हे खरं. पण आपण चहा आलं-गवती चहा घालून पाच मिनिटं खदखदवतो, त्यात कुठल्याही नळाच्या पाण्यातला वायू शिल्लक राहत नाही. सपकपणा आला तर तो क्षारांचा. जड पाण्याच्या चहावर तेलकट पातळ साय धरते आणि कपाला तपकिरी वळ राहतो.

कोमट पाणी जिथे खरंच हवं, तिथे विसण आहेच. अंघोळीच्या कढत पाण्यात गार घालणं म्हणजे विसण. स्वयंपाकात तेच उलट करायचं. एक वाटी उकळतं आणि तीन वाट्या 20 अंशांचं गार मिळून 40 च्या आसपास कोमट होतं. कणीक भिजवायला, यीस्ट फुलवायला एवढं पुरतं. जानेवारीत नळाचं पाणीच 15 वर असतं, तेव्हा गार अडीच वाट्यांवर थांबावं.

गरम नळ मग काढूनच टाकायचा का? मुळीच नाही. तुपाची कढई, तेलकट डबे, चहाची गाळणी यांच्यासाठी त्याच्यासारखं दुसरं काही नाही. फक्त दुधाचं पातेलं आणि कणकेची परात आधी गार पाण्यात भिजवावी, नाहीतर प्रथिनं आणि स्टार्च उष्णतेने भांड्याला शिजून चिकटतात. आणि स्वयंपाकातही एक जागा अशी आहे जिथे गरम नळाचं पाणी खुशाल घ्यावं. कुकरच्या तळात, मोदकपात्रात, इडलीपात्रात, जिथे अन्न वेगळ्या डब्यात असतं आणि त्याला फक्त वाफ लागते. धातू आणि क्षार वाफेबरोबर वर जात नाहीत. मात्र तळाचं ते पाणी नंतर आमटीत ढकलायची सवय असेल तर ही सवलत रद्द. कुकर आतून काळा पडू नये म्हणून तळात लिंबाची फोड टाकतात, तीही असू द्यावी.

आता मिक्सर. दांडी उजव्या टोकाला नेली तरच निव्वळ गार पाणी येतं. मधे ठेवली की गिझरचं पाणी मिसळतंच, हाताला कळलं नाही तरी. शिवाय एक दडलेली खोड असते. कुठल्याही एका मिक्सरचं कार्ट्रिज (दांडीखालचा गार-गरम मिसळणारा भाग) झिजलं, किंवा गिझरच्या आत जाणाऱ्या नळीवरचा एकदिशा व्हॉल्व्ह बसवलाच नाही, तर गरम पाणी गार नळीत घुसतं. बऱ्याचदा ही गार नळी यूपीव्हीसीची असते, जी गरम पाण्यासाठी नसतेच. सीपीव्हीसी 93 अंशांपर्यंत चालते, ही नाही. तपासणी पाच मिनिटांची. गिझरची वीज बंद करा, त्याच्या आत जाणाऱ्या नळीचा कॉक बंद करा आणि घरातला फक्त गरम नळ उघडा. नळीत उरलेलं पाणी ओघळून अर्ध्या-एक मिनिटात धार थांबायला हवी. धार थांबलीच नाही तर गार पाणी कुठूनतरी गरम नळीत येतंय, म्हणजे त्याच वाटेने गरमही गारमध्ये जातंय. मग एकेका मिक्सरखालचे दोन्ही अँगल कॉक बंद करत जायचं. ज्याच्यानंतर धार थांबेल तो मिक्सर दोषी. वॉटर प्युरिफायर असेल तर ही तपासणी टाळूच नये, कारण आरओचा पडदा साधारण 40 अंशांपर्यंतचंच पाणी सहन करतो, त्यापुढे तो कायमचा बिघडतो.

गिझरचा तळ वर्षातून एकदा धुवावा, बोअरचं पाणी असेल तर सहा महिन्यांनी. मुख्य स्विच बंद करून टाकी पूर्ण निवू द्यावी, आत जाणारा कॉक बंद करावा, गरम नळ उघडा ठेवून खालच्या निचऱ्याच्या बुचाला नळी लावून बादलीत सोडावं. रिकामी झाल्यावर कॉक दोन-तीनदा झटक्याने उघडून-मिटून चुरा ढवळून काढावा. याच वेळी मेकॅनिककडून मॅग्नेशियमचा दांडा बाहेर काढून पाहावा. मधली तार दिसू लागली असेल तर तो लगेच बदलायचा. पुन्हा टाकी भरून गरम नळातून अखंड धार आल्यावरच वीज लावायची. रिकामी टाकी तापवली तर कॉइल जळते. बंबाचा दंडक इथेही तोच.

गार नळही निर्दोष नसतो. रात्रभर नळीत राहिलेलं पाणी शिळंच. सकाळी पहिलं अर्धं-पाऊण मिनिट धार सोडून द्यावी, हाताला गारवा बदललेला जाणवेपर्यंत. ते पाणी वाया घालवायची गरज नाही, बादलीत धरलं तर कुंड्यांना किंवा लादीला चालतं. दोन-चार दिवस घर बंद होतं, तर दोन-तीन मिनिटं.

आणि मग मे महिना येतो. गच्चीवरची काळी टाकी दुपारी बारापासून तापते आणि तीन वाजता गार नळाला येणारं पाणी हाताला चटका लावतं. दांडी उजवीकडे असो वा डावीकडे, दोन्हीकडे गरमच. तेव्हा दिवसभराच्या स्वयंपाकाचं आणि पिण्याचं पाणी सकाळी सातच्या आत, शक्यतो थेट नळाचं, भरून ठेवावं. चार माणसांना पंधरा-वीस लिटर पुरतं. टाकीला पांढरा रंग किंवा वर शेडनेटची सावली केली तरी बराच फरक पडतो. माठ खिडकीतल्या वाऱ्याच्या झोतात तिपाईवर, खाली परात ठेवून. भिंतीला टेकवला की तेवढ्या बाजूने पाझर अडतो. आठवड्याने आतून नुसत्या नारळाच्या शेंडीने घासायचा, साबण लावायचा नाही, छिद्रं बुजतात.